कव्हर घातल्यावर फोनचं काय उरतं?

तुम्ही विचारलंय की दहा-पंधरा हजारांच्या आतल्या फोनला स्वतःचं वेगळं रूप देता येतं का, की पाठीचा रंग बदलणं एवढंच डिझायनरच्या हातात उरतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कोणते फोन उघडून पाहावेत, हेही विचारलंय. मी बार्शीत बावीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय. डिझाइनचं शिक्षण माझ्याकडे नाही, पण एखादं डिझाइन चार-पाच वर्षं वापरल्यावर कसं होतं, ते मी रोज पाहतो. धूळ कुठून शिरली, कोणती कळ आधी झिजली, कोणता कोपरा फुटला, रंग कुठून उडाला, सगळं फोनच्या अंगावर दिसतं. त्या बाजूने उत्तर देतो.

वेगळं रूप देता येतं. मी पाहिलेल्या फोनांत खरोखर वेगळे म्हणावेत असे बरेचसे स्वस्तच होते. पण ते वेगळेपण पाठीच्या चमकेत शोधू नका. नवा फोन घेतलेलं गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच विचारतं, "याला कव्हर आहे का?" मी टेम्पर्ड ग्लास चिकटवतो, काळं किंवा पारदर्शक कव्हर चढवतो, आणि कारखान्यात ज्या पाठीवर एवढी मेहनत झाली ती दहा मिनिटांत झाकली जाते. पुन्हा दिसते ती फोन माझ्याकडे दुरुस्तीला आला की. ज्याने बारा हजार रुपये हप्त्याने भरायचे आहेत, त्याने फोन जपायचाच. म्हणून मी कुठलाही फोन हातात घेतला की आधी बघतो, कव्हर घातल्यावर याचं वेगळं असं काय शिल्लक राहतं.

आता हे फोन समोरून सारखे का दिसतात ते सांगतो, कारण प्रकल्पात तुमची पहिली अडचण तीच असेल. समोरची बाजू म्हणजे डिस्प्ले, आणि तो फोनमधल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. स्वस्त फोनासाठी कोणी खास मापाचं पॅनेल बनवून घेत नाही. पॅनेलचे कारखाने जी मापं काढतात त्यातलंच घ्यावं लागतं. स्वस्त एलसीडीत चित्र चालवणारी चिप काचेच्याच खालच्या कडेवर बसवलेली असते. तेवढी पट्टी झाकावी लागते, म्हणून पडद्याखाली ती जाड काळी हनुवटी येते. महाग पॅनेलात चिप लवचीक पट्टीवर बसवून मागे दुमडतात, तिथे हनुवटी जवळजवळ नाहीशी होते. हा सगळा पॅनेलच्या किमतीचा हिशेब आहे, डिझायनरची त्यात काही निवड नाही.

आतही तेच. ज्यांचं नाव फोनवर असतं त्या कंपन्या स्वस्त फोन पुष्कळदा स्वतः घडवत नाहीत. चीनमधल्या हुआचिन, लाँगचीअर यांसारख्या कंपन्या बोर्ड, सांगाडा, अँटेना असं सगळं तयार करून देतात. आम्हाला ते सुट्या भागांवरून कळतं. एका कंपनीचा फोल्डर, म्हणजे काच आणि टचसकट अख्खा डिस्प्ले, दुसऱ्या कंपनीच्या फोनला सहज बसतो. अशा जोड्यांच्या याद्याच आम्ही दुरुस्तीवाले एकमेकांना पाठवत असतो. डिझायनरकडे मग पाठ, कॅमेऱ्याची चौकट आणि रंग एवढंच उरतं. त्यातही महाग फोनासारखं दिसायचा दबाव असतो. तीन भिंगं दिसायला हवीत म्हणून एका खऱ्या कॅमेऱ्याशेजारी दोन मेगापिक्सेलचा एक, जो कोणी कधी वापरत नाही, आणि कधीकधी नुसतीच एक गोल काच, जिच्यामागे काहीच नसतं. अशी काच उचकटून मागे कोरं प्लास्टिक दिसलं की मला वाईट वाटतं. ते पैसे चार्जिंगच्या पिनेत घातले असते तर फोन वर्षभर जास्त चालला असता.

पाठ घडवण्यामागचं कसब मात्र मोठं आहे. काचेसारखी दिसणारी पाठ स्वस्त फोनात बहुधा काच नसतेच. पॉलिकार्बोनेटवर ॲक्रिलिकचा कडक थर असलेली शीट असते. तिच्यावर अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेत बारीक रेषांचा ठसा उमटवतात, म्हणून फोन हलवला की प्रकाशाची लाट सरकते. मग धातूसारख्या झळाळीचा अगदी पातळ थर, त्याखाली शाईचे थर, आणि शेवटी उष्णता व दाब देऊन वळवलेल्या कडा. झळाळीच्या त्या थरातून वीज वाहता कामा नये, नाहीतर आतल्या अँटेनाची रेंज अडते. इतकं सगळं काही रुपयांत बसवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

पण पाठ निवडताना ती जुनी कशी होईल, हे फार थोडे जण विचारात घेतात. २०१४-१५ च्या सुमारास मी एका कंपनीचे फोन हौसेने विकले. पाठीवर मऊ रबरासारखा लेप होता, हाताला मखमल लागायची. तीन-चार वर्षांत तो लेप चिकट झाला. लोक फोन घेऊन येत आणि विचारत, "यावर काही सांडलंय का?" काही सांडलेलं नसायचं. तसल्या पॉलियुरेथेनच्या लेपाला दमट हवा आणि घाम सोसत नाही. तो हळूहळू विरघळल्यासारखा होतो. मी स्पिरिटने पुसून काढायचो, आणि खालचं उघडं प्लास्टिक बघून माणसाचा चेहरा उतरायचा. हल्लीच्या चामड्यासारख्या पाठी हातातून निसटत नाहीत, बोटांचे ठसे धरत नाहीत. पण केशरी किंवा दुधी रंगाची पाठ घामाने कडेला काळपट होते आणि कोपऱ्यात सोलते. असा नमुना करणार असाल तर रंग दिवाळीच्या जाहिरातीत कसा दिसेल एवढंच बघू नका, तो वैशाखातल्या खिशात घालून बघा.

याउलट ज्या प्लास्टिकचा रंग आरपार असतो, ते ओरखडलं तरी खाली दुसरा रंग दिसत नाही. २०१३ साली आलेले नोकिया १०५, आशा ५०१ आणि लुमिया ५२० आठवा. लुमिया ५२० दहा हजारांच्या आसपासचा फोन. पिवळ्या, लाल, निळ्या रंगाचं त्याचं अख्खं कवच नखाने निघायचं, आणि बाजूच्या कळाही त्या कवचातच होत्या. फोन पडला, कोपरा खरवडला, की नवं कवच घातलं. त्याला वरून कव्हर घालावंसं कोणाला फारसं वाटत नसे, कारण कव्हर हाच त्याच्या रचनेचा भाग होता. माझ्या कसोटीवर इतका पूर्ण उतरलेला दुसरा स्मार्टफोन मी पाहिलेला नाही.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो फोन. नोकिया ११००. २००३ साली आला आणि २५ कोटींहून जास्त विकला गेला. नोकियाचा शंभर कोटींवा फोन २००५ मध्ये नायजेरियात विकला गेला, तोही ११००च होता. कॅलिफोर्नियातल्या नोकियाच्या डिझाइन केंद्रात तो घडला. अमेरिकेतल्या पेटंटवर दिमित्रे मेहांजीस्की या मूळच्या बल्गेरियाच्या डिझायनरचं नाव आहे. वजन ८६ ग्रॅम. पडदा एकरंगी, ९६ बाय ६५ बिंदूंचा. २००३ मध्येसुद्धा ही माहिती वाचून कोणी भारावलं नसतं. त्या वेळी रंगीत पडद्याचे, कॅमेऱ्याचे फोन निघाले होते. इथे पैसे दुसऱ्याच जागी लावले होते.

त्याच्या डोक्यावर टॉर्च होती. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री यायची, अजूनही येते. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, माणूस रात्री दोनला रानात जातो. एका हातात खोरं, पायाखाली ओल, विंचू-काट्याची भीती. ११००ची टॉर्च वरच्या टोकाला असल्यामुळे फोन ज्या दिशेला धरू त्या दिशेला उजेड पडायचा, वेगळी बॅटरी न्यावी लागायची नाही. कळ अंगठ्याखालीच, अंधारात चाचपूनही सापडणारी. दोन्ही हात गुंतले तर लोक फोन दातात धरायचे. कळांवरचे दातांचे ठसे मी स्वतः पाहिलेत. आजच्या फोनला टॉर्च आहे, पण ती पाठीवर, कॅमेऱ्याच्या फ्लॅशची. ती लावायला आधी पडदा पेटवा, वरून पट्टी ओढा, चित्र शोधा, तेही ओल्या बोटाने. कोणी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण ११०० करणाऱ्यांनी अंधारात उभ्या असलेल्या माणसाचा विचार आधी केला होता, आणि फोनचा आकार त्यातून आला.

दुसरी गोष्ट कीपॅड. त्याआधीच्या ३३१०, ३३१५ मध्ये कळा सुट्या दिसायच्या आणि फटींतून धूळ आत जायची. काचेखाली ती साचली की अक्षरं धुरकट व्हायची. आठवड्याला दहा-बारा फोन मी नुसती धूळ झटकायला उघडायचो. ११००मध्ये सगळ्या कळा एकाच रबरी चादरीच्या, मध्ये फट नाही. ज्वारीच्या खळ्यावरून, पिठाच्या गिरणीतून, सिमेंटच्या गोदामातून आलेले ११०० मी उघडलेत, आत डिस्प्ले स्वच्छ. चादर झिजली तर वीस-तीस रुपयांत नवी. ती चादरच त्या फोनचा चेहरा होती, आणि तोच त्याचा धुळीपासूनचा बचाव. कडेलाही न निसटणारी पकड होती, घामट हातासाठी. भारतात विकल्या गेलेल्या कित्येक नगांच्या कळांवर देवनागरी अक्षरं छापलेली असत. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी फोनला "अक्षरवाला" म्हणायच्या. फोन मराठी बोलत नव्हता, पण आपल्यासाठी केलेला आहे एवढं त्यांना कळांवरून कळत होतं.

आणि बॅटरी, बीएल-५सी. ती इतक्या मॉडेलांना चालायची की गावातल्या किराणा दुकानातही मिळायची. आजही एफएम आणि भजनांच्या डब्यांत तीच बॅटरी बसवतात. तुम्ही याला डिझाइन म्हणाल की नाही माहीत नाही. मी म्हणतो, कारण फोन किती वर्षं जगणार ते त्या निवडीवर ठरलं.

वेगळेपणा फसतो कसा, तेही बघायला हवं. त्यासाठी मोटोरोलाचा एफ३, म्हणजे मोटोफोन, मिळवा. २००६ च्या शेवटी तो भारतात आला, दोन हजारांच्या आत, जेमतेम नऊ मिलिमीटर जाड. त्याला ई-इंकचा पडदा होता, कागदावर छापल्यासारखा. भर उन्हात इतका स्वच्छ दिसणारा पडदा मी स्वस्त फोनात पुन्हा पाहिला नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी तो बोलून सूचना द्यायचा. कल्पना अस्सल होती. पण पडदा ठरावीक तुकड्यांचा, सहा अक्षरांच्या दोन ओळी एवढाच. मेसेज तुकड्या-तुकड्याने वाचावा लागे, आणि देवनागरीची वेलांटी, काना, जोडाक्षर त्या तुकड्यांत बसणं शक्यच नव्हतं. वाचता न येणाऱ्याचा विचार केला, पण त्याच घरात शाळेत जाणारी मुलगी बापाचे मेसेज वाचून दाखवते, हे त्या आखणीत नव्हतं. लोक कौतुकाने हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. मला तो फोन फार आवडायचा, म्हणून हे सांगताना अजून हळहळ वाटते.

दोन सिमची गोष्टही अशीच ध्यानात ठेवण्यासारखी. २००९ मध्ये सेकंदाच्या हिशेबाने बिल घेणारे प्लॅन आले, कंपन्यांत दराची चढाओढ लागली, आणि लोक खिशात तीन-तीन सिम बाळगू लागले. चिनी बनावटीच्या फोनांनी ही गरज आधी ओळखली. त्यातले पुष्कळ फोन बिनआयएमईआयचे, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक नसलेले, होते; १ डिसेंबर २००९ पासून ते नेटवर्कवरून बंद झाले. पण दोन सिमची सोय टिकली. नोकियाने २०११ मध्ये सी२-०० आणला तेव्हा दुसरं सिम बाजूच्या फटीतून, फोन बंद न करता, बदलता यायचं, आणि तो पाच सिमच्या सेटिंग्ज लक्षात ठेवायचा. एक बारीकशी फट, पण तिच्यामुळे तो फोन बाकीच्यांपेक्षा वेगळा. कव्हर घालूनही वेगळा.

अलीकडच्यांपैकी दोन-तीन बघाच. जुलै २०२४ मध्ये नथिंग या कंपनीच्या सीएमएफ शाखेचा फोन १ आला, किंमत १५,९९९ रुपयांपासून. रंग, साहित्य आणि पोत या तीन गोष्टींसाठी तुमच्या क्षेत्रात जी इंग्रजी आद्याक्षरं वापरतात तेच त्याचं नाव. पाठ उघड्या स्क्रूंनी बसवलेली, कोपऱ्यात फिरवता येणारी एक गोल घुंडी, तिच्या जागी दोरी किंवा स्टँड लावता येतो. पाठ फुटली तर हीट गन न लावता बदलता येते. दुरुस्ती करणारा म्हणून हे पाहून मला आनंद झाला. पण स्क्रू काढल्यावर आत आणखी एक झाकण आहे, आणि बॅटरी त्याच्यामागे. सगळ्यात आधी थकणारी वस्तू गिऱ्हाइकाच्या हाताला लागतच नाही. पुढच्या वर्षीच्या फोन २ प्रोमध्ये तर पाठ बदलायची सोयच राहिली नाही. एचएमडी कंपनीचा फ्यूजनही त्याच वाटेचा, पाठीवर सहा पिना आणि त्यांना जोडायची वेगवेगळी आवरणं. लावाच्या ब्लेझ ड्युओला पाठीवर दुसरा छोटा पडदा आहे. कल्पना धीट आहेत. पण तालुक्याच्या गावात त्यांना एक किंमत मोजावी लागते. आकार वेगळा असला की त्याचं कव्हर मिळत नाही. पाठीवरच्या पडद्याला तेवढी खिडकी कापलेलं कव्हर ठेवणार कोण? घाऊकवाला म्हणतो, महिन्याला दोन नग जातात, मी कशाला भरू? मग माणूस दुसऱ्याच मॉडेलचं कव्हर कसंबसं चढवतो आणि पडदा झाकून टाकतो. वेगळा फोन काढायचा तर त्याचं कव्हर आणि फोल्डर बार्शीत मिळेल का, हा प्रश्न रेखाटनाच्या पहिल्या पानावर लिहा. नाहीतर कव्हरच डब्यात द्या, पण वर्षभरात पिवळं पडणारं नको.

प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या तीन अडचणी देतो.

चार्जिंगची पिन. सगळ्यात जास्त दुरुस्ती हिचीच. खिशातला धागा, तंबाखूचा चुरा, धूळ तिच्यात ठासली जाते. पिन वेगळ्या छोट्या बोर्डावर असली तर काम स्वस्तात होतं. थेट मुख्य बोर्डावर असली तर गिऱ्हाइकाला मी सांगितलेली मजुरी पटत नाही. पिनेचं तोंड कुठे असावं, त्याला झाकण द्यावं का, झाकण कव्हरमध्ये अडकेल का, यावर कोणी नीट बसून काम केलेलं मला दिसत नाही.

बोटाचे ठसे. गवंडी, ऊसतोड करणारे, धुणी-भांडी करणाऱ्या बायका, यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठशाने उघडणारं बटण त्यांना दहादा नकार देतं, आणि शेवटी ते फोनला कुलूपच लावत नाहीत. त्याच फोनवर त्यांचे बँकेचे पैसे असतात. त्यांच्यासाठी फोन उघडण्याची दुसरी रीत काय असावी, तीही महाग भाग न घालता?

आणि दोरीचं भोक. जुन्या कीपॅड फोनांपैकी अनेकांना ते असायचं; गळ्यात, मनगटात, कमरेला फोन बांधता यायचा. आता बहुतेक फोनांना नाही. विहिरीवर वाकताना शर्टाच्या खिशातून पडलेले फोन दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात, तांदळाच्या डब्यात ठेवून बघितल्यानंतर. सांगाड्यातच एक भक्कम भोक, फोनचं वजन आणि झटका सहन करील असं. साच्यात आधीपासून धरलं तर त्याचा खर्च जवळजवळ काहीच नाही. हे भोक फोनच्या आकाराचा मुख्य भाग करून एखादा नमुना काढा. सीएमएफच्या घुंडीत ती शक्यता आहे, पण दोरी वेगळी विकत घ्यावी लागते.

उघडून पाहायला ११००, एफ३, सी२-००, लुमिया ५२० आणि सीएमएफ फोन १ एवढे पुरेत. पाच डबे शेजारी ठेवा, मग तुम्हालाच दिसेल पैसा कुणी कुठे लावलाय. ११००साठी चांदणीच्या तोंडाचा टी६ स्क्रूड्रायव्हर लागेल. आणि ११०० घेताना सावध राहा. जुन्या बाजारात जे मिळतात त्यातल्या पुष्कळांचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, नकली असतं, कीपॅडची चादर कडेला सैल बसते, आणि मी जे धुळीबद्दल लिहिलंय ते तुम्हाला त्यात दिसणारच नाही. बॅटरी काढा, खाली आरएच-१८ हा ११००चा कोड लिहिलेला बघा, मग टॉर्च लावून कीपॅडच्या कडेने नख फिरवा. नख कुठेच आत शिरत नसेल तर तो घ्या.